मेलेल्या राजाला हाक

आमच्या गावात नाटकात मेलेला माणूस तसाच उठून घरी जात नसे. पडदा पडला, पेटीवाल्यानं पेटी मिटली, लोकांनी बसायची पोती झटकली, तरी तो स्टेजवर डोळे मिटून पडूनच राही. मग त्याच्या घरची बाई, बायको असली तर बायको, नाहीतर आई, तांब्याभर पाणी आणि वाटीभर कनीची, म्हणजे तुकडा तांदळाची, पेज घेऊन स्टेजसमोर उभी राही आणि त्याच्या खऱ्या नावानं हाक मारी. राजा नाही, सेनापती नाही, खरं नाव. त्यानं 'ओ' दिली की तो उठला. मग तोंडाचा रंग धुवायचा, मीठ टाकलेली पेज प्यायची आणि मगच घरचा उंबरा ओलांडायचा. खेळातलं मरण अंगाला चिकटून घरात येऊ नये, म्हणून हे सगळं. बाकीच्या गावांत असं करत असत की नाही, मला ठाऊक नाही. नर्सच्या नोकरीपायी मी पुढं नागभीडपासून पार सिरोंच्यापर्यंत हिंडले, कितीतरी मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्याकडच्या जत्रा, पाहिल्या, पण ही हाक मला दुसरीकडं कुठं ऐकू आली नाही. आमच्याही गावात आता कोणी मारत नाही. आताचे मेलेले नट पडदा पडायच्या आधीच मोबाइल शोधायला उठतात.

त्या काळी आमच्याकडं बायको नवऱ्याचं नाव घेत नसे. जीव गेला तरी नाही. त्यामुळं दिवाळीनंतरच्या मंडईत रात्रभर नाटक झालं की उजाडता उजाडता होणारी ही हाक म्हणजे गावाची मोठी गंमत होती. नव्या नवऱ्या लाजून अर्ध्या होत, नाव घशातच अडकून बसे, आणि म्हाताऱ्या मागून ओरडत, "अवं जोरानं बोल ना! त्याले आयकू नाई गेलं त मेलेलाच राह्यते तो!" माझ्या मायला मात्र लाजबीज काही नव्हती. वर्षभर ती बाबांना 'आयकता का जी' म्हणे, आणि त्या एका सकाळी कमरेला पदर खोचून, स्टेजपुढं पाय रोवून दणकून हाक मारी, "डोमाजी!" बाबा काही ओ देत नसत. मुद्दाम. छातीवर हात ठेवून गप पडून राहत. ती पुन्हा मारी. लोक खिदळू लागत. मग ती तांब्या उचलून म्हणे, "डोमाजी, उठता का पानी ओतू आंगावर?" तेव्हा बाबा डोळे न उघडता अशी "ओ" देत, की तलावाच्या पाळीवरचे बगळे उडून जात. मला वाटतं वर्षातून एकदा आपलं नाव तिच्या तोंडून जितक्या वेळा ऐकता येईल तितक्या वेळा ते ऐकून घेत होते. हे मला तेव्हा कळायचं वय नव्हतं. आता कळतं, तर त्याचा काय उपयोग!

आम्ही जातीचे ढिवर. घर तलावाच्या पाळीला लागून. दारात जाळी वाळत पडलेली, छपरावर सुकायला टाकलेले झिंगे, आणि त्या वासावर टपलेली मांजरं. सकाळी भात आणि लाखोरीची डाळ, संध्याकाळी भात आणि तलावानं दिलं ते. बाबा डोंग्यात उभे राहून पलीकडच्या काठावरच्या माणसांना हाका मारत, आणि तो आवाज पाण्यावरून सरळ आमच्या चुलीपर्यंत येई. माय त्या आवाजावरनं सांगे की जाळ्यात काय आलं. आवाज जड, ओढून काढलेला असला की ती म्हणे, "आज रिकामंच हाय, आंबाडी निवड वं इंदू." आणि तो उंच चढला की काही न बोलता पाट्यावर मिरच्या घेऊन बसे. तिचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही. असा आवाज असलेल्या माणसाला गावानं राजा करायचं नाही तर काय करायचं? शेतकरी असून नाटकं लिहिणारे आमचे वाघुजीभाऊ होते. त्यांनी चांद्याच्या गोंड राजाचं नाटक लिहिलं होतं. राजा मरतो, राणी राज्य चालवते आणि राजासाठी दगडाची समाधी बांधते. ती समाधी आजही चंद्रपुरात उभी आहे. राणीचं काम करायला वडश्याकडची नटी येई. ती बाबांच्या छातीवर पडून असं रडे की बायका पदरात तोंड घालत. आमची माय पहिल्या रांगेत पोपटीच्या शेंगा सोलत बसलेली. कोणी म्हणालं, "अनसाबाई, तुले रडू नाई येत का वं?" तर म्हणे, "मी काऊन रडू? माहा त मंग उठतेच."

टीव्हीवाले आले ते त्याच नाटकामुळं. तेव्हा टीव्हीवर एकच चॅनल होतं आणि त्यावर एक विनोदी मालिका लागे. जुन्या काळचे राजेराण्या घ्यायच्या आणि आजच्या घरात भांडावं तसं त्यांना भांडायला लावायचं. राजा रेशनच्या रांगेत उभा, सेनापती रजेचा अर्ज घेऊन आलेला, असला सगळा प्रकार. एका भागासाठी त्यांना आमच्या भागातली राणी आणि तिची समाधी हवी होती. मुंबईहून आणलेला राजा आल्या आल्या प्रवासानं आडवा झाला, आणि चंद्रपुरात कोणीतरी सांगितलं की नागभीडकडच्या एका गावात एक ढिवर आहे, राजाच दिसतो. जीप आली तेव्हा बाबा कमरेइतक्या पाण्यात होते. डायरेक्टर चष्मा पुसत पाळीवर उभा राहिला आणि म्हणाला, "काका, जरा वळा. हां, आता मिशी पिळा." बाबांनी पिळली. झालं काम.

गावाला काय आनंद! वाघुजीभाऊंनी एकट्यानं तोंड वाकडं केलं. "आपल्या राजाची मस्करी करतीन ते, डोमा. पाहून घे." बाबा म्हणाले, "भाऊ, राजा मेला त्याले किती पिढ्या झाल्या. दोन घडी हासवलं त काय रागावन का तो? आन् माहा आवाज मुंबईवरून साऱ्या महाराष्ट्रात जाईन ना!" आवाजच त्यांच्या डोक्यात होता. चेहऱ्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत.

माय धानाच्या कापणीला अडकलेली, म्हणून बाबांबरोबर मी गेले. चंद्रपूरच्या परकोटाच्या एका पडक्या बुरुजापाशी त्यांनी तंबू ठोकला होता. बाबांना जरीचा अंगरखा घातला, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट. राणी झालेली बाई मुंबईची, फार गोड स्वभावाची, मला तिनं बिस्किटं दिली. गोष्ट अशी होती की राणीला स्वयंपाक येत नाही आणि राजा तिच्या खिरीला घाबरतो. खिरीचं नाव काढलं की पलंगाखाली लपतो. शेवटी ती त्याला धरून चमचाभर खीर पाजते आणि राजा मरतो. मग ती एवढी जड समाधी बांधते की त्यानं पुन्हा उठून पळू नये. वाचलं तर काहीच नाही, पण बाबांनी ते असं केलं की दिवे धरणारी माणसंही हसत होती. खीर तोंडात गेल्यावर डोळे फिरवून ते जे गर्रकन वळून, मुकुट सावरत, मांडी घालून, मग आडवं होत मेले, तो प्रकार मी आज पन्नाशी उलटली तरी विसरले नाही. आणि ओळी सगळ्या आपल्याच बोलीत. "मले नोको वं राणी तुही खीर!" असं ते बोलले की परकोटावरचं पाखरू उडायचं. डायरेक्टर हसून हसून म्हणाला, "काका, आवाजाचं काही टेन्शन घेऊ नका. आवाज आपण नंतर टाकू, मुंबईला." एवढंच म्हणाला. बाबांनी त्याचा अर्थ लावला की आवाज टाकायला आपल्याला मुंबईला बोलावणार. दुसरा काय अर्थ लावणार ते? त्यांच्या तोंडाला दुसऱ्या कोणाचा आवाज लागू शकतो हे त्यांच्या काय, आमच्या गावातल्या कोणाच्याही डोक्यात येणं शक्य नव्हतं.

ते मेले तसे पडून राहिले. सवयच ना. दिवे विझले, माणसं वायरी गुंडाळू लागली, राजा आपला मातीत डोळे मिटून पडलेला. एक पोरगेलासा माणूस येऊन म्हणाला, "काका उठा, झालं." बाबांनी एक डोळा उघडून पाहिलं, इकडं माय नाही, तांब्या नाही. मग स्वतःच हसत उठले, अंगरखा झटकला. "चाल इंदू," म्हणाले, "हासवता हासवता मेलो, त्याले कायचं मरन मंतेत!"

घरी आल्यावर मायनं पहिला प्रश्न तोच विचारला. मी पाणी प्याले नव्हते अजून. "मेले का तुमी त्या खेळात?"

"मेलो ना. खीर खाऊन मेलो."

"मंग हाक कोनं मारली?"

"कोनी नाई. अवं मस्करी होती ते."

मायचा चेहरा उतरला. ती तशीच आत गेली, तांब्या भरून आणला, चुलीवर कनी ठेवायला निघाली. बाबांनी तिचा हात धरला. माझ्यासमोर त्यांनी तिचा हात धरल्याचं मला तेवढं एकच आठवतं. म्हणाले, "आयक त खरी. हाक कवा मारतेत? खेळ लोकाईसमोर झाल्यावर. हा खेळ झाला कुठी अजून? टीवीवर दाखवतीन तवा होईन. तवा सारं गाव जमन, तवा मारजो. अशी मार का मुंबईले आयकू गेली पायजे." माय विचारात पडली. हिशेब तर बरोबर होता. वाघुजीभाऊंना विचारलं, तर तेही म्हणाले, पडदा पडल्याशिवाय हाक नसते. पडदा तर अजून उघडलाही नव्हता. असं ठरलं. तांब्या पुन्हा माठावर ठेवला गेला.

त्यानंतर आमचं घर मुकं झालं. बाबा आवाज जपू लागले. मुंबईहून बोलावणं येईपर्यंत घसा ताजा राहिला पाहिजे म्हणून ते डोंग्यातून हाका मारीनात, काठावरच्यांना गमछा हलवून खुणावत. तोंडात ज्येष्ठमधाची काडी. तिखट बंद, आंबट बंद, मायच्या हातचं झिंग्यांचं कालवणसुद्धा बंद, भात आणि फिकं वरण खात. घरात खुणांनी बोलत. मीठ हवं असलं की चिमूट दाखवत, मी उशिरा आले की डोळे मोठे करत. आम्हाला सुरुवातीला फार हसू येई. माय चिडवायची, "राजे मुके झाले का जी?" आणि ते हातानंच तिला मारायचं नाटक करत. माय पाट्यापुढं बसून तलावाकडं कान देई आणि मग हसून मान हलवी. काय आलं हे आता तिला डोंगा काठाला लागल्यावरच कळे. कधी फारच वाटलं तर बाबा कानाशी येऊन पुटपुटत. मी एकदा विचारलं, "बाबा, मुंबईचं बोलावनं आलंच नाई त?" त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि ओठांवर बोट ठेवलं. माणसाचा आवाज म्हणजे काही मोहाचं फूल नाही, की वाळवून ठेवलं आणि लागेल तेव्हा काढलं. पण हे त्यांना कोण सांगणार होतं, आम्ही तर सगळेच त्यांच्याबरोबर वाट पाहत होतो. आज मला त्या दिवसांचा असा राग येतो की काय सांगू! सोबतीचे शेवटचे सगळे दिवस त्यांनी आमच्याशी न बोलता काढले, त्या मुंबईसाठी.

मग ताप आला. थंडी वाजून, दात वाजून. आमच्याकडं ताप नवा नव्हता, काढा दिला, घोंगड्या टाकल्या. दुसऱ्या दिवशी त्यांना माणसं ओळखू येईनात. खाटेवर घालून रस्त्यापर्यंत नेलं, तिथून ट्रकनं दवाखान्यात. वाटेत ते काही बोलले का, म्हणून माय खाटेच्या चारी माणसांना नंतर कितीदा तरी विचारत राहिली. नाही बोलले. घसा जपूनच गेले म्हणायचे. डोक्यात चढलेला मलेरिया होता तो. मी पुढं नर्स झाले, उपकेंद्रावर अशी किती माणसं पाहिली, रक्ताचे थेंब काचेवर घेता घेता माझी बोटं झिजली. म्हणून सांगते, डास चावला आणि वेळेवर गोळ्या मिळाल्या नाहीत, त्यानं गेले माझे बाबा. पण गावात कुजबूज वेगळी होती. हाक न मारता घरात घेतला, मरण चिकटून आलं. एकीनं तर माझ्या देखत म्हटलं. मी तिच्या अंगावर धावून गेले, लोकांनी धरलं. बांगड्या फुटल्या, दिवस झाले, माय पुन्हा झिंगे निवडायला बसली. फक्त संध्याकाळी तलावाकडून कोणीही कोणालाही हाक मारली की तिचा हात थांबे.

उन्हाळा सरत आला होता तेव्हा वाघुजीभाऊ धापा टाकत आले. पुढच्या आठवड्याचे कार्यक्रम टीव्हीवर सांगतात, त्यात त्यांनी ऐकलं होतं. दाराशी उभे राहून म्हणाले, "अनसाबाई, डोमाचा खेळ दाखवून राह्यले. पाहाचा असन त या. नाई आल्या तरी कोनी काई म्हननार नाई." मायनं विचारलं, "आवाज असन ना जी त्यात?" भाऊ म्हणाले, "आवाजाबिगर कसा असन खेळ?" त्यांना वाटलं, आणि मलाही वाटलं, की बाबा काही मुंबईला गेले नाहीत, तर मग परकोटापाशी बोललेलंच ठेवलं असणार. मी मायला म्हटलंसुद्धा, "मी होती ना तिथी, लय मोठ्यानं बोलले होते बाबा." हे ऐकून ती त्या दिवसांनंतर पहिल्यांदा नीट जेवली. आमच्याकडं बाबांचा फोटो एक होता, मंडईच्या जाहिरातीवरचा, भिंतीला चिकटवलेला. फोटोचं काय, फोटो बोलत नाही. तिला एकदा तो आवाज कानावर घ्यायचा होता. दुसरं काही नको होतं तिला, राजा नको, टीव्ही नको.

समाजमंदिरात ग्रामपंचायतीचा टीव्ही होता, लाकडी पेटीत, कुलूप लावलेला. त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. पोरं खिडक्यांत, एक जण वर अँटेना धरायला. माय आली, तर तिच्या एका हातात तांब्या आणि दुसऱ्या हातात पदराखाली वाटी. पेज होती. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. पुढच्या पोत्यावर तिला जागा करून दिली, मंडईत असायची तशीच, मधोमध.

सुरू झालं. गाणं, नावं, आणि मग बाबा. बाबाच. मिशीला पीळ देत सिंहासनावर बसलेले, जिवंत, चांगले धडधाकट. समाजमंदिर एका आवाजात ओरडलं, "डोमा!" माझ्या मनगटाभोवती मायची बोटं घट्ट बसली. राणी कितीतरी वेळ बोलत होती, प्रधान बोलत होता, बाबा नुसते मान हलवत होते. मी मनात म्हणत होते, आता बोलतील, आता. खिरीचं नाव निघालं, बाबांनी घाबरून तोंड उघडलं आणि त्यातून एक बारीक, नाकातला, चिरका आवाज आला. कोणा परक्या माणसाचा. "नको गं बाई मला तुझी खीर, अगं पोटात गुडगुडतंय," असं काहीतरी, पुस्तकात लिहिल्यासारखं. लोक हसून हसून एकमेकांवर पडले. "डोम्यानं काय आवाज काढला बे!" असं मागून कोणी म्हणालं. त्यांना वाटलं बाबांनीच तो काढला. माय माझ्याकडं वळली. "हा कोन बोलून राह्यला वं?" मी म्हटलं, "माय, थांब, पुढं येईन." पुढं नाही आला. बाबांचे ओठ 'मले नोको वं' म्हणत होते, मला स्पष्ट दिसत होतं, मी तिथं उभी होते ना तेव्हा! आणि कानावर पडत होतं भलतंच. प्रत्येक वेळी त्यांनी तोंड उघडलं की मायची बोटं आवळत, आणि तो चिरका आला की सैल पडत. आवळत, सैल पडत. लोक हसत होते. खोटं कशाला सांगू, पलंगाखालून बाबांचा मुकुटच तेवढा हलताना दिसला तेव्हा मलाही हसू आलं, इतकं सुंदर केलं होतं त्यांनी. हसता हसता रडू फुटलं आणि मग ते आवरेना.

राजानं खीर खाल्ली. डोळे फिरवले, गर्रकन वळला, मुकुट सावरला, मांडी घातली, आडवा झाला. मरतानाचा हुंदकासुद्धा त्यांचा ठेवला नव्हता. त्याजागी शिटी घातली होती, फुग्यातून हवा जावी तशी. राणी समाधीच्या दगडावर बसून म्हणाली, "आता बघते कसे पळता," आणि नावं वर सरकू लागली. बाबांचं नाव त्यात होतं की नाही कोणास ठाऊक. आमच्यापैकी कोणी वाचलं नाही, कारण माय उठली होती.

तिनं पदर कमरेला खोचला. टीव्हीच्या पेटीसमोर जाऊन पाय रोवून उभी राहिली. पडद्यावर मागं पुन्हा बाबा पडलेले दिसत होते, त्यांच्यावरून अक्षरं वर चढत होती.

"डोमाजी!"

तोच आवाज, तीच तऱ्हा. खरं सांगते, त्या एका क्षणाला सगळं गाव त्या ओची वाट पाहत होतं. मागं कोणीतरी हसलंही, जुन्या सवयीनं, कारण पहिल्या हाकेला डोमा ओ देत नसतो हे सगळ्यांना पाठ होतं. मायनं पुन्हा मारली, पहिल्यापेक्षा उंच. अक्षरं संपली, बाबा गेले, पडद्यावर साबणाची जाहिरात आली. कुलूपवाला बटण बंद करायला पुढं झाला, तर वाघुजीभाऊंनी त्याचा हात धरला. "राहू दे. तिची हाक होऊ दे."

मायनं तांब्या उचलला. "डोमाजी," ती म्हणाली, आणि आता तिचा आवाज मंडईतला नव्हता, घरातला होता, "उठता का... पानी ओतू का जी आंगावर?"

पडद्यावरची बाई साबणानं तोंड धूत होती, गात होती. माय तशीच कान देऊन उभी राहिली. मग तिनं तांब्या खाली ठेवला आणि आमच्याकडं वळून, कोणाला तरी समजावून सांगावं तशी, शांतपणे म्हणाली, "आवाजच काढून घेतला त्याईचा. मंग ओ कायनं देतीन?"

वाघुजीभाऊ, एवढा मोठा माणूस, खांबाला धरून खाली बसला. बायका रडू लागल्या तेव्हा मायनंच त्यांना गप केलं. घरी आल्यावर तिनं ती थंडगार पेज माझ्यापुढं ठेवली. "तू खाय. टाकू नोको." मी खाल्ली. मीठ बरोबर पडलं होतं.

माझ्या मामेबहिणीचा पोरगा म्हणतो, मावशी, आता जुनं सगळं मोबाइलवर सापडतं, शोधू का? शोधलंही त्यानं. सापडलं नाही. मला बरंच वाटलं. ते चित्र पाहायला मिळालं असतं हे खरं, पण तो चिरका पुन्हा ऐकायची ताकद माझ्यात नाही, आणि आवाज बंद करून बाबांना पाहायचं म्हटलं तर त्यांचे ते मुके दिवस आठवतात. मायनं त्या संध्याकाळनंतर बाबांचं नाव पुन्हा कधी घेतलं नाही. रेशनला, बँकेत, मतदानाला, कुठंही नवऱ्याचं नाव विचारलं की ती माझ्याकडं बोट करी आणि मी सांगे. गेल्या वर्षी तिला चंद्रपुरात दवाखान्यात भरती केलं. शेवटचेच दिवस होते, मला दिसत होतं. ओळख पुसत चालली होती, मला ती कधी इंदू म्हणे, कधी नर्सबाई. खाटेपाशी एक पोरगी कागद घेऊन आली. "आजी, मिस्टरांचं नाव काय?" मायनं सवयीनं बोट माझ्याकडं केलं. मी म्हटलं, "डोमाजी." जरा मोठ्यानं म्हटलं असेन, वॉर्डात गलका होता. माझ्या तोंडून नाव निघालं मात्र, तशी मायनं उशीवरची मान दाराकडं वळवली, हातानं आम्हाला गप राहा म्हणून खूण केली, आणि कान देऊन ऐकत राहिली.